बूट

इन्कमटॅक्सचे एक साहेब तपासणीला पेणच्या आमच्या कारखान्यात आले. हमरापूरहून आणलेल्या कच्च्या गणेशमूर्ती आम्ही बायका रंगवतो. त्या मूर्तींमधून साहेब बूट घालून फिरत होते, बोटाने मूर्तीवरची भुकटी पुसत होते.

"नुसता रंग देणं म्हणजे उत्पादन नाय," साहेब म्हणाले. "उत्पादनावरची करातली सूट मिळायची नाय."

"बिनडोळ्यांचा बाप्पा कोण नेतो, साहेब?" मालक म्हणाले. सूट गेली तर ते आम्हाला कामावरून काढणार होते.

साहेब माझ्या मागे उभे राहिले. "काय गो, ह्यात तू नवीन काय बनवतेस?"

मी मूर्तीचे दोन्ही डोळे आखले. साहेब बघत राहिले, मग खाली वाकून त्यांनी बूट काढले.

बूट हातात धरूनच ते बाहेर पडले. अहवालात काय लिहिणार, ते विचारायची हिंमत कुणालाच झाली नाही.