दसऱ्याला पुसलेली कार्डं

दहापैकी सात मशीनचे पडदे काळे होते. सकाळचे पावणेनऊ वाजले होते आणि तपासणीचे साहेब साडेअकराला येणार होते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बारामतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. भवानीनगरच्या पुढे एका गावातल्या ज्युनियर कॉलेजची लॅब मीच उभी करून दिली होती. सकाळी सातला प्राचार्य शेंडगे सरांचा फोन आला आणि मी मिळेल त्या एसटीनं निघाले. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, दोन सीड्या आणि त्या लॅबची फाइल.

तपासणीवर काय अवलंबून होतं ते आधी सांगते. मान्यता मिळाली तर कॉम्प्युटरचा वर्ग चालू राहणार होता. नाही मिळाली तर दिवाळीनंतर बंद. वर्गात सगळ्या आसपासच्या वाड्यांवरच्या मुली होत्या. एवढ्यासाठी त्यांना रोज बारामतीला पाठवायला घरचे तयार नव्हते. त्यांना शिकवायला कांबळे मॅडम होत्या. इंदापूरच्या, बी.एस्सी. झालेल्या, पहिलीच नोकरी. ती नोकरी वर्गाबरोबरच टिकणार किंवा जाणार होती.

अटी दोन होत्या. दहाही मशीन चालू हवीत आणि त्यांवरचं सॉफ्टवेअर कायदेशीर हवं. मशीन पुण्याच्या वेगवेगळ्या ऑफिसांनी वापरून टाकलेली, देणगीत आलेली. डिस्क कोऱ्या. दहा मशीनसाठी विंडोज विकत घेणं कॉलेजला झेपणार नव्हतं. कुणाची तरी कॉपी टाकायची तर साहेब पहिलं तेच बघणार. म्हणून मी विंडोजच्या जागी लिनक्स सुचवलं. फुकट आणि तरी कायदेशीर. त्याची सीडी एका मासिकाबरोबर आली होती.

पण त्या काळातलं लिनक्स लाडात वाढलेल्या जावयासारखं होतं. सगळं हातात द्यावं लागे. पडद्यावर चित्र उमटवायला मशीनच्या आत एक कार्ड असतं, डिस्प्ले कार्ड. ते कुठल्या जातीचं आहे हे विंडोज बहुतेक वेळा आपलं आपण ओळखे. नाहीच ओळखलं तर कार्डाबरोबर मिळालेली फ्लॉपी घातली की काम होई. लिनक्ससाठी मशीन उघडायचं, कार्डावरच्या मोठ्या चिपचा नंबर वाचायचा आणि त्याप्रमाणे एका फाइलमध्ये ओळ लिहायची. ओळ चुकली की पडदा काळा. आमच्या दहा मशीनमध्ये पाच जातींची कार्डं निघाली. मी तीन दिवस बसून यादी केली, प्रत्येक मशीनची ओळ लिहिली आणि सगळी चालू करून दिली होती. महिनाभर एकही तक्रार नव्हती.

त्या सकाळी मी नेहमीच्या क्रमानं गेले. वीज ठीक. केबल घट्ट. मॉनिटर बदलून पाहिला, तोही काळा. मशीन सुरू होत होतं, पांढरी अक्षरं सरसर जात होती. चित्र यायची वेळ झाली की पडदा दोनतीनदा लुकलुके आणि गप्प बसे. शेंडगे सर दारात उभे होते. विंडोज टाकून होईल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी म्हणाले, "होईल सर. पण मग दुसरी अट मोडेल."

चार नंबरच्या मशीनची ओळ काढली आणि माझ्या यादीशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळत होती. म्हणजे ओळ बदलली नव्हती. बदललं होतं ते मशीन.

कव्हर काढलं. आत धुळीचा कण नव्हता. इतकं स्वच्छ मशीन मी नवंसुद्धा पाहिलेलं नाही. आणि डिस्प्ले कार्डाच्या चिपवर हळदीकुंकवाची बोटं होती.

मी तात्यांना हाक मारली. तात्या लॅबचे शिपाई. आयुष्य साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेलेलं, निवृत्तीनंतर कॉलेजात आलेले. कारखान्यात गळीत हंगामाआधी प्रत्येक यंत्र खोलून पुसतात आणि दसऱ्याला पूजतात. तात्यांनी खंडेनवमीला लॅबमध्ये तेच केलं होतं. पुढे दसरा, मग रविवार. सोमवारी, म्हणजे तपासणीच्याच दिवशी, मॅडमनी सातच्या आत येऊन मशीन लावली तेव्हा कळलं.

"समदी कार्डं काढली, मऊ फडक्यानं पुसली, हळदकुंकू लावलं आन् परत बसवली," तात्या म्हणाले.

"ज्याची त्याला?"

"त्ये कसं सांगू ताई? टेबलावर वळीनं मांडली हुती. ज्या फटीत जी बसंल ती बसवली. जोर कुठंच लावला न्हाय. आमच्याकडं एका मापाचं बेअरिंग कुठल्याबी पंपाला चालतंय."

मला रागवायचं होतं. पण मी दोन कार्डं उपसून पाहिली. चिपचा एक पाय वाकलेला नव्हता, एक स्क्रू कमी नव्हता. चाळीस वर्षं ज्या शिस्तीनं काम केलं त्याच शिस्तीनं त्यांनी हेही केलं होतं. कुठलं कार्ड कुठल्या मशीनचं हे लॅबमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती यादी आज सकाळपर्यंत बारामतीत, माझ्या कपाटात होती.

जी तीन मशीन चालू होती त्यांना नशिबानं आपल्याच जातीचं कार्ड मिळालं होतं. उरलेल्या सातांमध्ये कार्डं पुन्हा फिरवण्यापेक्षा ओळी बदलणं सोपं. काम वाटून घेतलं. तात्या कव्हर काढणार, चिपवरचं कुंकू पुसून नंबर वाचणार. मी यादीत शोधून सांगणार. मॅडम ओळ टाइप करणार. पुसताना तात्या दर वेळी आधी कार्डाला हात लावून नमस्कार करत होते. वेळ जात होता, पण थांबवावंसं वाटलं नाही. पहिल्या दोन मशीनना मी मॅडमच्या शेजारी बसले. तिसऱ्यापासून त्यांनी मला उठवलं.

साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना सहा झाली होती. नऊ नंबर राहिलं. त्या चिपवर कुंकू तेलात कालवून लागलं होतं, आणि पुसताना कुंकवाबरोबर छापील आकडेही गेले. दुसरा उपाय नव्हता. मी त्याला सोळा रंगांच्या साध्या मोडवर टाकलं. कुठलंही कार्ड त्यात कसंबसं चालतं. पडदा उजळला, पण चित्र जत्रेतल्या स्वस्त फोटोसारखं.

साहेब वेळेवर आले. पहिल्या मशीनपुढे बसले आणि खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण शोधू लागले. तिथे स्टार्ट नव्हतं, पावलाचं चित्र होतं.

"त्या पावलावर दाबा साहेब. समदं त्याच्यातच हाय," तात्या म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"हितला फिटर."

साहेबांनी दाबलं, मेनू उघडला, त्यांनी काहीतरी लिहिलं. मग एकेक मशीन बघत नवव्यापाशी थांबले. याचे रंग असे का, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. पूजेसकट. ते हसले नाहीत. पेन टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्ही बारामतीला. उद्या पुन्हा असं झालं तर इथं कोण आहे?"

शेंडगे सरांनी माझ्याकडे पाहिलं. फोन करा, मी येते, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आणि ते त्या प्रश्नाचं उत्तर नाही, हेही मला कळत होतं.

"मी आहे सर," कांबळे मॅडम म्हणाल्या.

"येतं तुम्हाला?"

"सकाळपासून सहा केली. ह्याचा नंबर पुसलाय म्हणून राहिलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, यादी द्या जरा. कार्डं लॅबच्या बाहेर गेलेली नाहीत. दहा होती, दहाच आहेत. नऊ लागली. उरलं ते ह्याचं."

पंधरा वर्षं याद्या करणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं. मॅडमनी पेन्सिलीनं यादीतल्या नऊ कार्डांवर रेघा मारल्या, दहाव्याचा नंबर वाचला आणि ओळ लिहिली. पडदा लुकलुकला आणि काळा झाला. मी हात मागे बांधून उभी राहिले. त्यांनी फाइल परत उघडली, स्वतःची ओळ बोट ठेवून वाचली. एक अवतरणचिन्ह राहिलं होतं. ते घातलं, पुन्हा चालू केलं, आणि या वेळी नीट रंग आले.

साहेबांनी दारापासून पुन्हा एकदा दहापर्यंत मोजलं.

मान्यता आली, एका वर्षाची. शेरा होता की प्रत्येक यंत्राची माहिती आणि दुरुस्तीची रीत मराठीत लिहून यंत्रावरच लावावी. रीत मॅडमनी लिहिली, एका पानात बसली. तात्यांनी प्रत्येक कार्डाच्या पट्टीवर मशीनचा नंबर रंगानं घातला. दुसऱ्या वर्षी मान्यता पुढे वाढली, तेव्हा मला कुणी बोलावलंही नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. मशीन चालू झालं म्हणजे काम संपलं, असं धरत नाही. निघायच्या आधी ते मुद्दाम बिघडवते आणि तिथल्याच माणसाकडून दुरुस्त करून घेते. त्यात अर्धा दिवस जातो. तो बिलात लावता येत नाही.