पहिल्या भाकरीवरचा अंगठा

भूतखेत, अंगात येणं, बाहेरचं... यातलं काहीही मी मानत नाही, हे आधीच सांगते. बाहेरचं बघायला घरातल्यातून सवड तर मिळाली पाहिजे! वरूडजवळ आमची संत्र्याची बाग आहे. घरात मी, मिस्टर, अमरावतीला शिकणारी आमची पोरगी आणि दोन कुत्रे. शेऱ्या बारा वर्षांचा म्हातारा, आणि चिकू दीड वर्षाचा, एक नंबरचा हावरट.

सासूबाईंना जाऊन तेव्हा महिना झाला होता. त्यांची एक रीत होती. पहिली भाकर थापली की तिच्यावर मधोमध अंगठा दाबायच्या, म्हणजे ती चुकून कोणाच्या ताटात जाऊ नये. मग अंगठ्याच्या खुणेवरूनच तिचे दोन तुकडे. अर्धी दारच्या कुत्र्याला, म्हणजे आता शेऱ्याला, अर्धी तेल-तिखट लावून मला, तिथेच चुलीपाशी. "पयले तू खाय, मंग कर बाकीच्याईचं." एकवीस वर्षं हे चाललं.

त्या गेल्यावर मी गॅसवर का होईना, पण तसंच करत होते. अंगठा दाबायचा, अर्धी शेऱ्यापुढे ठेवायची. तो हुंगायचा, माझ्याकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. माझी अर्धी डब्यात जायची. खा म्हणणारंच कोणी राहिलं नाही, तर भूक तरी कुठली लागते? चहावर दिवस निघत होता माझा. शेऱ्या नुसतं दूध चाटायचा. डॉक्टरांनी त्याला दोनदा सलाईन लावलं आणि स्पष्टच सांगितलं, की आता स्वतःहून खाल्लं नाही तर जेमतेम आठवडाभर काढेल.

त्यात आंबिया बहाराची संत्री तोडून झाली आणि पोरीने समुद्राचं खूळ घेतलं. वऱ्हाडातून समुद्र म्हणजे दोन दिवस जायचे, दोन यायचे, मधे एक दिवस पाणी बघायचं! शेऱ्याला सोडून गेलो तर आल्यावर दिसणार नाही म्हणून पोरगी रडली, आणि शेऱ्या न्यायचा तर चिकूने काय पाप केलं... असे सगळे निघालो. चिकूने गाडीत दोनदा ओकारी काढली. पुसली अर्थातच मी.

कोकणातल्या एका लहानशा गावात घरगुती खोली घेतली होती. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास किनाऱ्यावर गेलो. माणूस म्हणून नव्हतं. मिस्टर आणि पोरगी चहा आणायला गेले, आणि मी सतरंजीवर बसले ती बसलेच. खरं सांगते, समुद्राकडे बघायचंही त्राण नव्हतं. शेऱ्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मला वाटलं, हा इथेच जातो आता, आणि याला परक्या मातीत पुरून जावं लागणार.

तेवढ्यात तो उठला. मागे सुरूची झाडं होती, त्यांच्यात हळूहळू गेला. मला हाक मारायचाही कंटाळा आला होता. पाचेक मिनिटांनी परत आला तेव्हा त्याच्या तोंडात भाकर होती. ज्वारीची. दोन तुकडे, एकावर एक. त्याने ते सतरंजीवर ठेवले, वरचा आधाशासारखा खाल्ला आणि दुसरा नाकाने माझ्या पायाशी ढकलला.

मी तो उचलला. कोमट होता. वाळूचा कण नाही. चुलीच्या धुराचा वास, वर तेल-तिखट, आणि मोडलेल्या कडेला अंगठ्याची अर्धी खूण. चिकू, जो आमच्या चपलासुद्धा सोडत नाही, तो शेपूट घालून गप बसून होता. आणि शेऱ्या माझ्याकडे बघत होता. हलतच नव्हता.

मी खाल्ली. रडत रडत सगळी खाल्ली. महिन्याभरात पहिल्यांदा मला भूक लागली होती हो.

चहा घेऊन आल्यावर मिस्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "दाखव बरं भाकर."

"खाल्ली."

"अवो, पुरावाच खाऊन टाकला तुनं?"

मग ते झाडांत जाऊन आले. ना चूल, ना राख, ना माणूस. घरमालकीण म्हणाली, आमच्याकडे तांदळाची भाकरी, ज्वारी इथे कोण खातं? मिस्टरांचं म्हणणं, कोणी आपल्यासारखेच फिरायला आले असतील, शिदोरी टाकून गेले असतील. असतील बापा. पण अंगठा?

घरी आल्यावर सकाळी पहिली भाकर केली. अर्धी शेऱ्यापुढे ठेवली. त्याने हुंगली, आणि नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं. मी माझी अर्धी डब्यात टाकायला निघाले होते... थांबले. तिथेच, ओट्यापाशी, एक घास मोडून तोंडात घातला. तेव्हा कुठे त्याने मान खाली घातली आणि खायला लागला. महिनाभर तो हेच सांगत होता, आणि मी त्याला सलाईन लावत बसले होते!

शेऱ्याचं मला कळलं. त्या भाकरीचं अजून कळलेलं नाही. पोरगी रोज नवीन काहीतरी सुचवते, तुम्हालाही सुचेल, लिहा खुशाल. मला शोधत बसायचा कंटाळा येतो. सकाळी ओट्यापाशी दोघं वाट बघत असतात, आणि माझं खाऊन झाल्याशिवाय शेऱ्या खात नाही.