बिनपरवान्याची होडी

बल्लारपुरात राहून शिडाची होडी विकत घेणारा मी पहिलाच माणूस असेन, आणि माझे हाल पाहिल्यावर शेवटचाही.

तेहतीस वर्षं कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली काढली. निवृत्त झाल्यावर मला उघड्यावर, वाऱ्याच्या जोरावर, किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं होतं. आणि कुंदाला, म्हणजे बायकोला, बरोबर न्यायचं होतं. तिची सगळी उमर माझी पाळी सुटायची वाट पाहण्यात गेली, आता तरी दोघांनी एका ठिकाणी बसावं असं मला मनापासून वाटत होतं. तिची अट एकच होती.

"डोंगा पहिले मले दाखवा. पसंत पडला तर येतो."

(आमच्याकडं तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूला डोंगाच म्हणतात.)

मी कोकणात गेलो. पेन्शनीत बसेल अशी लाकडी, जुन्या पद्धतीची, शिडाची छोटी होडी शोधत खाड्याखाड्यांनी हिंडलो. जो तो फायबरची दाखवी. एक लाकडी सापडली, तिच्यात वांग्याची रोपं लावलेली. दुसरी फारच स्वस्त होती, पण भावाभावांच्या वाटणीमुळं अर्धीच विकायची होती! शेवटी एका म्हाताऱ्या खलाशाकडची पटली. तो म्हणाला, एकदा पाण्यात फिरवून बघा. मी म्हणालो, गरज नाही. आमच्या भागातला माणूस लाकूड दिसलं की आधी नख लावतो, मग वास घेतो. अस्सल सागवान होतं. सागवान ओळखलं की होडी ओळखली, अशी माझी समजूत.

आता कुंदाला दाखवायची म्हणून होडी ट्रकवर चढवली. शीड आधीच पार्सलनं घरी पाठवलं. ट्रक वाटेत दोनदा बिघडला आणि मे महिन्याच्या उन्हात होडी दहा दिवस तापत आली. गावाच्या अलीकडं वननाक्यावर अडवली. मी तोवर घरी पोचलो होतो, तसाच धावत गेलो. नाक्यावरच्या वनपाल मॅडम पोरीच्या वयाच्या, पण नख लावण्यात माझ्याही वरचढ निघाल्या.

"काकाजी, हे तं सागवान हाये. टीपी कुठी हाये?"

टीपी म्हणजे लाकूड नेण्याचा परवाना. घरी साधा पाट करायचा तरी तो आठवणारा मी, होडी घेताना मात्र साफ विसरलो होतो. मी म्हणालो, ही होडी आहे. त्यांनी शांतपणे विचारलं की मग शीड कुठं आहे. मी कुंदाला फोन करून शीड घेऊन ये म्हणालो. ती ऑटोनं आली, शीड आणलं, आणि शिडाला चिकटलेल्या कुरडयाही आणल्या. (एवढं मोठं स्वच्छ कापड रिकामं का ठेवायचं, असं तिचं म्हणणं.) मॅडमनी एक कुरडई सोडवून पाहिली आणि हे शीड नव्हे, वाळवणाचं कापड आहे म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "पाण्यात टाका," मी म्हणालो. "तरंगली तर होडी, बुडाली तर लाकूड!"

हे मला कोणी सांगायला लावलं नव्हतं.

नाक्यामागं जुना तलाव होता, त्यात कमरेएवढं पाणी होतं. आठ जणांनी होडी पाण्यात लोटली. मी कुंदाकडं पाहत ऐटीत चढून बसलो. आधी पाय भिजले. मग मांड्या. मग मी तलावाच्या तळाशी बसलो होतो, छातीएवढ्या पाण्यात, अस्सल सागवानावर. मॅडमनी पंचनाम्यात लिहिलं: सागवान लाकूड, होडीच्या आकाराचं. माझ्याकडं पाहून त्या हसल्यासुद्धा नाहीत, त्याचा जास्त राग आला.

तिथं मासे धरणारे मारोतीभाऊ जाळं सोडून आले. "लाकूड तहानलं हाये जी," ते म्हणाले. "उन्हानं फळ्या सुकल्या, फटी पडल्या. आठ दिवस असाच बुडून राहू द्या. फुगला का आपोआप बुजते."

मॅडमनी आठ दिवसांची मुदत दिली. ते आठ दिवस मी रोज तलावावर जाऊन पाण्याकडं पाहत बसलो. येणारे-जाणारे विचारत, काऊन जी, काही पडलं काय? होडी, असं सांगायची लाज वाटे. मी म्हणे, चष्मा.

नवव्या दिवशी मारोतीभाऊंनी होडी वर काढली, पाणी उपसलं आणि काठाशी लावली. एक थेंब आत येईना. त्यांनी कुंदाला बसवलं, मॅडमना बसवलं आणि बांबूनं रेटत तलावाला फेरी मारली. कुंदा पाण्यात हात बुडवून हसत होती. इतकी खूश मी तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती, आणि सगळा मनस्ताप विसरलो. मॅडमनी पंचनामा खोडून होडी मोकळी केली. मी घाईनं एक पाय आत टाकला, तर कुंदानं हात आडवा केला.

"डोंगा पसंत हाये," ती म्हणाली. "मी येतो समुद्रात. चालवाले मारोतीभाऊ येतो म्हणतात. पण तुम्ही बसले का बुडते, हे मी डोळ्यानं पाह्यलं. तुम्ही एस्टीनं या."

सध्या मी किनाऱ्यानं जाणाऱ्या एस्टीची वेळापत्रकं जमवतो आहे. उजव्या-डाव्या खिडकीचा हिशेब नीट जमला, तर मधूनमधून माझी होडी मला दिसेल म्हणतात.