डाव्या खांद्याची बंदूक

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या ऑफिसची वर्षातून एकदा आउटिंग असते. कधी बोलिंग, कधी नदीवर बोट. त्या वर्षी नव्या मॅनेजरने सगळ्या टीमला गावाबाहेरच्या टेकड्यांत, क्ले शूटिंगच्या मैदानावर नेलं. क्ले म्हणजे बशीएवढी केशरी, ठिसूळ चकती. यंत्र ती हवेत भिरकावतं आणि खाली पडायच्या आत आपण ती बंदुकीने फोडायची. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हातात धरलं नव्हतं.

पहिल्या वीसपैकी माझ्याकडून एकही फुटली नाही. ऑफिसात माझ्याबरोबर सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या पोरांनी चार-पाच, सहा-सात फोडल्या होत्या. मी चहाच्या तंबूकडे निघाले, तर आमची प्रशिक्षक आडवी आली. साठी ओलांडलेली बाई, पूर्वी गावोगाव फिरून पेशंट बघणारी नर्स होती, आणि बोलणं तसंच, मलमपट्टी करताना बोलावं तसं.

"चहा नंतर. आधी हात पुढे करा. दोन्ही पंजे जोडून मध्ये छोटी खिडकी करा आणि त्यातून माझ्या नाकाकडे बघा."

मी बघितलं. ती हसली. "मला त्या खिडकीत तुमचा डावा डोळा दिसतोय. नेम तुमचा डावा डोळा धरतोय आणि बंदूक तुम्ही उजव्या खांद्याला लावताय. वीसच्या वीस चकत्यांच्या बाजूने गोळी गेली, यात नवल नाही. डाव्या खांद्याला लावून बघा."

"पण मी उजव्या हाताची आहे."

"नक्की?"

या 'नक्की'ने मला थेट नागपूरच्या स्वयंपाकघरात नेलं. लहानपणी मी सगळं डाव्या हाताने करायचे. चार लोकांत बरं दिसत नाही म्हणून आई जेवताना माझ्या डाव्या हाताला रुमाल गुंडाळायची. वर्षभरात मी उजवी झाले. नंतर ते घरात कुणी बोललंही नाही, मीही विसरले.

बंदूक डाव्या खांद्याला लावली. हात अवघडले, पण गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर असा टेकला की जणू तिथेच टेकायचा होता. "पुल!" म्हटलं, म्हणजे सोडा. चकती झाडांवरून वर आली आणि मी चाप ओढला. आकाशात काळा धूर झाला आणि तुकडे गवतात पडले. मी अशी किंचाळले की मॅनेजर तंबूतून चहाचा कप घेऊन पळत आला.

पुढच्या शनिवारी मी एकटी गेले. त्याच्या पुढच्याही. हिवाळाभर चिखलातून, बोचऱ्या वाऱ्यात जात राहिले. मैदानाची बंदूक वापरायला मिळायची, पण ती उजव्या माणसांसाठी घडवलेली. शॉटगनच्या दस्त्याला अगदी बारीक बाक असतो, वापरणाऱ्याचा डोळा नळीच्या मध्यावर यावा म्हणून. माझ्यासाठी तो बाक उलटा होता. दर शनिवारी डावा गाल सुजायचा. सोमवारी ऑफिसात एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" तेव्हा मी ठरवलं, आता स्वतःची बंदूक घ्यायची.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, या चकत्यांना इथे 'क्ले पिजन', मातीचं कबूतर म्हणतात तेही.

"काऊन गं बाई, पंचशील म्हणतो ना आपण? अन् तू कबुतरं मारतेस?"

"अगं आई, कबूतर म्हणजे नुसतं म्हणायला. चकती असते ती. जिवंत काही मारत नाही मी. कधी मारणारही नाही."

"मग फोडायची कशाला?"

मग मी तिला डाव्या हाताचं सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा कळत नव्हतं बाप्पा आम्हाला. सगळे म्हणत, मीही केलं." आणि पुढे, "आता डाव्याने जमते ना? मग फोड."

इथे बंदूक घ्यायची तर आधी पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. फॉर्म, डॉक्टरांचं पत्र, आणि आपल्याला चांगलं ओळखणाऱ्या एका माणसाचा शब्द. माझ्यासाठी शेजारच्या आजोबांनी शब्द दिला. जिन्याखालच्या कपाटात भिंतीला बोल्ट मारून पोलादी पेटी बसवली. मग परवाना विभागाचा माणूस घरी आला. पेटी हलवून बघितली, मला तासभर प्रश्न विचारले, आणि शेवटी चहा घेता घेता सहज म्हणावं तसं नवऱ्याला विचारलं, "पेटीची किल्ली कुठे असते?"

नवरा गोरामोरा झाला. "मला माहीत नाही. हिने सांगितलेलंच नाही. दोनदा विचारलं मी."

मला वाटलं, झालं, आता घरात भांडण आहे असं लिहून नेणार हा. तो माणूस मात्र पहिल्यांदाच मनापासून हसला. "शाब्बास. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला किल्लीची जागा कळता कामा नये, नवऱ्यालाही नाही." सर्टिफिकेट काही आठवड्यांनी पोस्टाने आलं.

मग दुकानं सुरू झाली. प्रशिक्षकबाईने मला बजावलं होतं, "एकच बंदूक घेणार आहात, तर सगळं करणारी घ्या. आणि गोळी झाडून बघितल्याशिवाय घेऊ नका, कितीही देखणी असो."

पहिलं दुकान मोठं होतं, जमिनीवर गालिचा, भिंतीवर सांबरशिंगं. विक्रेता सगळं नवऱ्याला सांगत होता. "मॅडमसाठी ही हलकी, बारीक नळीची ट्वेंटी बोअर. बायकांना हीच आवडते." बंदूक खरंच सुंदर होती, बाजूला चांदीसारख्या पत्र्यावर कोरलेली पानंफुलं. नवरा म्हणाला, "बंदूक हिला घ्यायचीय. मी फक्त गाडी चालवत आलोय."

विक्रेता माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "हलकी बंदूक जास्त धक्का देते ना? वजनदार, रुंद नळीची ट्वेल्व्ह बोअर घेतली आणि त्यात कमी छर्र्यांचं काडतूस घातलं, तर खांद्याला सोपं जाईल. शिवाय ट्वेल्व्ह बोअरची काडतुसं कुठेही मिळतात, आणि स्वस्तही."

त्याने भुवया वर केल्या आणि मग एक सेमी-ऑटोमॅटिक काढली. नवी असून किमतीला परवडणारी. हात लगेच पुढे गेला माझा. पण मी ती डाव्या खांद्याला लावली तेव्हा लक्षात आलं की रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर फेकलं जातं, म्हणजे थेट माझ्या तोंडासमोरून. "डावखुऱ्यांसाठी काय आहे?" मी विचारलं. ऑर्डर देऊन बनवून घ्यावी लागेल, तो म्हणाला, आणि जो आकडा सांगितला त्यात आमची गाडी बदलून झाली असती.

परत येताना नवरा म्हणाला, "उजव्या खांद्याने शिक ना पुन्हा. एक डोळा मिटायचा." तो समजुतीनेच बोलत होता, पण मला तो आईच्या हातातला रुमाल वाटला. "एकदा बदलले मी," मी म्हटलं. "आता नाही."

प्रशिक्षकबाईने एका म्हाताऱ्या बंदूक-कारागिराचा पत्ता दिला. दुकान कसलं, शेताच्या कडेला पत्र्याची शेड, आत तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. मी आत शिरताच म्हणाले, "मी डावरी आहे." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी कुणाला तरी परिचय म्हणून सांगितलं होतं.

म्हातारा हात पुसून मागे गेला आणि एक बंदूक घेऊन आला. साधी, काळी, कोरीवकाम शून्य. एकावर एक दोन नळ्या. जुनी, पण आतून आरशासारखी. "एका डावखुऱ्या शेतकऱ्याने बनवून घेतली होती. त्याने शूटिंग सोडलं. तेव्हापासून माझ्याकडे पडून आहे. येणारा प्रत्येक जण हातात घेतो, बाक उलटा बघतो आणि परत ठेवतो. कुणी घेत नाही, म्हणून किंमत दोनदा उतरवली."

मी डोळे मिटून ती खांद्याला लावली, प्रशिक्षकबाईने शिकवलं होतं तशी, आणि मग डोळे उघडले. नळीच्या टोकाचा बारीक मणी थेट माझ्या डोळ्यासमोर होता. इकडे नाही, तिकडे नाही.

"दस्ता लांब पडतोय तुम्हाला," म्हातारा म्हणाला. "कापून देतो. आणि हे बघा." त्याने प्लास्टिकची डबी उघडली. आत पाच चोक होते, नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायच्या छोट्या पोलादी नळकांड्या. "जवळची चकती असेल तर हा बसवा, छर्रे लवकर पसरतील. लांबची असेल तर हा. एका बंदुकीच्या पाच बंदुका होतात. आणि शिशाचे छर्रे आता हळूहळू बंद होत चाललेत, पण हिला पोलादी छर्रेही चालतात. तसा शिक्का आहे नळीवर."

शेडमागच्या शेतात त्याचं एक यंत्र होतं. मी दहा चकत्या मागितल्या. आठ फुटल्या. आठवी फुटल्यावर नवरा, जो आतापर्यंत कानावर हात ठेवून उभा होता, तो म्हणाला, "घे. हीच घे." मला सांगायची गरज नव्हती, मी केव्हाच पाकीट काढलं होतं.

दोन आठवड्यांनी दस्ता कापून, मागे रबर लावून बंदूक माझी झाली. गाल सुजायचा थांबला. त्या वसंतात मी एकही शनिवार सोडला नाही. एका शनिवारी लेस्टरची माझी मैत्रीण बघायला आली आणि म्हणाली, "तू उभी राहतेस ना, तेव्हा वेगळीच दिसतेस गं. मीटिंगमधली तू नाहीच ही."

मे महिन्यात मैदानाची खुली स्पर्धा होती. पन्नास चकत्या, दहा ठिकाणी उभं राहून पाच-पाच. मी नवशिक्यांच्या सी गटात नाव दिलं. सकाळी वारा होता. काही लोकांकडे दोन-दोन बंदुका होत्या, एक लांबच्या चकतीसाठी, एक जवळच्या. माझ्याकडे एक बंदूक आणि खिशात ती डबी. जमिनीवरून सशासारखी उड्या मारत जाणारी चकती होती, तिथे मी सैल, छर्रे लवकर पसरवणारा चोक बसवला. उंच मनोऱ्यावरून डोक्यावरून जाणारी होती, तिथे घट्ट. मागे थांबलेला एक जण म्हणाला, "घाई नाही बाई, बदला सावकाश." मी बदलला, आणि मनोऱ्यावरच्या पाचही फोडल्या.

शेवटी फळ्यावर सी गटात दोन नावं बरोबरीत होती, दोघांचे एकेचाळीस. एक माझं, दुसरं एका निवृत्त शेतकऱ्याचं. मग समोरासमोर. दोघांना एकामागून एक सारख्याच चकत्या, जो आधी चुकेल तो हरला. सगळे बघायला जमले. शेतकऱ्याने टोपी उचलून मला म्हटलं, "तुम्ही आधी." मी फोडली. त्याने फोडली. पुन्हा मी, पुन्हा तो. चौथ्या फेरीला वाऱ्याने चकती खाली दाबली. माझा नेम वर होता, मी तो चकतीबरोबर खाली आणला आणि चाप ओढला. कडेचा एक तुकडा निघाला. पंचांनी हात वर केला: तुकडा दिसला म्हणजे फुटली. शेतकऱ्याची चकती तशीच खाली दबली आणि अख्खी गवतात जाऊन पडली.

प्रशिक्षकबाई, जी कुणाला जवळ घेत नाही, तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मराठी कळत नसूनही मी जे काही बडबडत होते त्याला "हो, हो" म्हणत राहिली. शेतकऱ्याने माझा हात हातात घेतला. "अकरा वर्षं मी सी गटात आहे," तो हसत म्हणाला. "एवढी मजा आधी आली नव्हती." नवरा फोटो काढायचं विसरला होता. त्याचे डोळे भरले होते.

बक्षीस म्हणून एक छोटा कप आणि काडतुसांचं खोकं मिळालं. मी मैदानाच्या सेक्रेटरीबाईंच्या टेबलाशी जाऊन पुढच्या महिन्याच्या स्पर्धेसाठी सी गटाच्या यादीत नाव लिहायला लागले. त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"तिथे नाही," त्या म्हणाल्या, आणि पान उलटून वरच्या, बी गटाची यादी माझ्यापुढे सरकवली. मी पेन परत घेतलं ते डाव्या हातात, आणि माझं नाव वेड्यावाकड्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं.