शेवटच्या भट्टीतली बरणी

मालतीबाईंचे पाय त्या आठवड्यात जमिनीवर नव्हते.

सुरतेजवळ कामरेजला त्या कामाला होत्या त्या कारखान्यात विजेच्या तारांसाठी चिनी मातीचे इन्सुलेटर बनायचे. तारेतला करंट खांबात उतरू न देणाऱ्या त्या जाड वाट्यांना तपकिरी चकाकी चढवायची, हे बाईंचं काम. खानदेशातून सुरतेला आल्यापासून तेच. बारडोलीच्या उसावरून गेलेल्या तारांना त्यांच्या हातचा माल लटकत होता, पण घरात आपल्या हातचं म्हणून दाखवावं असं काही नव्हतं. ते त्यांना फार लागायचं.

आता मालक सिलिकॉन रबराकडे वळले. हलकं, आपटलं तरी फुटत नाही, पाणी पडलं की घरंगळून जातं. बाईंनाही रबराच्या साच्यावर घेतलं होतं. भट्टी एकदाच शेवटची पेटणार होती, आणि ज्याला हवं त्याने तीत आपलं काही भाजून घ्यावं, असं मालकांनीच सांगितलं.

बाईंनी लोणच्याची बरणी मागितली. चाकावरच्या भूपेंद्रने त्याच मातीची एक गुबगुबीत बरणी काढून दिली. मग काय विचारता. गुणगुणत, शेजारणींच्या खोड्या काढत बाईंनी ती सुकल्यावर चकाकीच्या द्रावात बुडवली. आतून, बाहेरून, वरून, खालून.

भट्टी उघडली तेव्हा भूपेंद्र तोंडावर हात धरून उभा होता. तळाची चकाकी वितळून बरणी तिच्याखाली ठेवलेल्या भट्टीच्या सुट्या, जाड फरशीला घट्ट चिकटली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या मालाचे तळ ओल्या स्पंजने पुसणारी बाई आपल्याच बरणीचा तळ पुसायला विसरली होती.

"मासी, छिन्नी मारून पाहू?"

"फुटेल रे ती."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग फरशीकडे पाहता पाहता त्यांना असं हसू फुटलं की पोट धरून खालीच बसावं लागलं.

"भट्टीच बंद, तर फरशी ठेवून काय करणार? तीपण दे."

रिक्षात मांडीवर घेऊन त्यांनी ते धूड घरी आणलं. कापडाच्या लूमवरून परतलेल्या नवऱ्याने, चिंधाने, त्याला चारी बाजूंनी न्याहाळलं.

"बेस व्हयनं. लोणचाले आते करंट तरी लागनार नही."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पार्वतीवहिनी आल्या. बरणी कुणाच्या हातची, म्हणत त्यांनी ती उचलायला हात घातला. बरणी जागची हलली नाही.

"मनी शे, मना हातनी," मालतीबाई म्हणाल्या.