झेब्राफिशच्या पिंडाला कावळा शिवेना

माझा नवरा शेखर, म्हणजे डॉ. चंद्रशेखर, देवापुढे कधी हात जोडत नाही. ट्रेनमध्ये कुणाला धक्का लागला तर मात्र दोनदा वाकतो. टोकियोतल्या एका संशोधन संस्थेत तो पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा कंत्राटी संशोधक, आहे. हा गृहस्थ एक दिवस माशांचं पिंडदान करणार आहे, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी दुसरं स्थळ बघितलं असतं.

झालं असं. प्रयोगात मेलेल्या माशांसाठी त्याच्या लॅबमध्ये दर ऑक्टोबरात प्रार्थना होते. २०११च्या भूकंपात टाक्या फुटून मासे गेले, तेव्हा संस्थेच्या मागच्या अंगणात एक दगड बसवला होता. त्यापुढे सगळे काळे सूट घालून उभे राहतात, शेवंती वाहतात आणि परत कामाला लागतात. गेल्या साली त्याचे बॉस किताजिमा-सेन्सेई म्हणाले, "शेखर-सान, या वेळी तुमच्याकडच्या पद्धतीने करू या." निमूटपणे फुलं वाहून मोकळं व्हावं की नाही? पण याने सभ्यपणाच्या भरात पिंड, कावळा, मृताची राहून गेलेली इच्छा, सगळं साग्रसंगीत समजावून सांगितलं. लोकांनी टिपून घेतलं. भात अर्थातच मी करायचा.

शेखरचं काम झेब्राफिशच्या इवल्या पिल्लांवर. ती इतकी पारदर्शक असतात, की शेपटीत रक्तवाहिनी वाढताना तिच्या टोकाची पेशी पुढे सरकताना दिसते. पेशीला जायचं असलं, की तिच्यातले काही मेसेंजर आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायचे निरोप, पुढच्या कडेला जाऊन जमतात. शेखर त्या निरोपांवरचा पत्ता खोडतो. निरोप तेवढेच राहतात, पण पेशीभर पांगतात, आणि पेशी भरकटते. निदान त्याचा पेपर तसं सांगत होता. काही पिल्लांत मात्र पत्ता खोडूनही पेशी सरळ नाकासमोर चालत गेली होती. त्या पिल्लांना शेखरने आजारी ठरवून मोजणीतून बाजूला काढलं.

"खरंच आजारी होती?" मी विचारलं.

तर हा उठून प्लास्टिकचा कचरा वेगळा करायला लागला. मीही मग विषय वाढवला नाही. पेपर सोमवारी जर्नलकडे छापायला जायचा होता, आणि गेला नसता तर मार्चमध्ये याची नोकरी संपत होती. व्हिसा, फुनाबोरीचं घर, आमच्या लेकीची, केतकीची शाळा, सगळं त्या सोमवारवर लटकलेलं.

शुक्रवारी दगडापुढे पिंड ठेवला. भिंतीवर कावळे होतेच. टोकियोचा कावळा म्हणजे दांडगट प्राणी, आमच्या बिल्डिंगच्या कचऱ्यावरची जाळी उचकटून कोंबडीची हाडं पळवतो. त्याला भात म्हणजे किस झाड की पत्ती. पण एकही खाली उतरेना. सूटवाले माना वर करून उभे.

शेखर घसा खाकरून मराठीत म्हणाला, "पेपरात तुमचे आभार मानू."

कावळे ढिम्म.

"मागे राहिलेल्यांच्या टाक्यांचं पाणी वेळेवर बदलू."

एकाने पंख साफ केले.

"पेपरवर माझं नाव पहिलं नसलं तरी चालेल."

हे ऐकून तर एक कावळा उडूनच गेला. तेवढ्यात सेक्रेटरी मियाता-सान पुढे आल्या. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिववतात, हे त्यांनी कुठूनतरी वाचून काढलं होतं. दर्भ मिळाला नाही म्हणून काळ्या कागदाचा ओरिगामी कावळा करून आणला होता, चोचीसकट.

"शिवव आणि मोकळा हो," मी कुजबुजले. "शास्त्रात चालतं."

शेखरने तो कागदी कावळा हातात घेतला. पिंडापर्यंत नेलाही. मग माझ्याकडे बघितलं आणि कावळा सुटाच्या खिशात घातला.

"मी ज्यांना आजारी म्हटलं," तो दगडाला म्हणाला, "ते आजारी नव्हते. मला ते नको होते. तुम्हा सगळ्यांना पेपरात घेतो. मग त्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

भिंतीवरचा सगळ्यात थोराड कावळा खाली आला आणि अर्धा पिंड घेऊन गेला. सूटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटलं. निम्मं नवऱ्याच्या अभिमानाचं, निम्मं व्हिसाचं.

"शेवटी काय सांगितलंत त्यांना?" सेन्सेईंनी इंग्रजीत विचारलं.

काहीतरी गोडगोड सांग रे बाबा, असं मी मनात म्हणत होते. कुणाला कळणार होतं? पण शेखरने शब्दन्‌शब्द भाषांतर करून सांगितलं, आणि वर ती पिल्लं किती होती तेही सांगितलं. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

सेन्सेई आधी दगडापुढे वाकले.

"पेपर सोमवारी जाणार नाही," ते म्हणाले. "जूनमध्ये जाईल, सगळे मासे धरून. आणि तो तुम्हीच लिहायचा."

जून मार्चच्या नंतर येतो, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शेखर तर वाकला तो वाकलेलाच. सेन्सेईंनी टाय सैल केला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "शैलजा-सान, भात आणखी आहे का?"

मी डबा पुढे केला. त्यांनी एक गोळा घेतला, जरा विचार केला आणि आणखी दोन घेतले.