पेन्सिल धरणारे दात

“दात माझे आहेत, डॉक्टर. माझ्याशी बोला.”

वारज्यातल्या माझ्या दवाखान्यात हे त्याचं पहिलं वाक्य. चूक माझीच होती. व्हीलचेअरमधल्या या तरण्याताठ्या माणसाला सोडून मी त्याच्या भावाला विचारत होते, “यांना कुठं दुखतंय?” तुम्हीही तेच केलं असतं; आपण सगळे तसेच.

अपघातात मान मोडल्यापासून त्याचे हातपाय हलत नव्हते. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. हा पठ्ठ्या दातांत पेन्सिल धरून, तिच्या टोकाच्या रबरानं एकेक बटण दाबत प्रोग्रॅमिंग शिकला. पण पाच वर्षं सगळा भार पुढच्या चार दातांवर. ते हलायला लागले. भाऊ कामावर जायच्या घाईत कसाबसा ब्रश फिरवायचा, त्यामुळे हिरड्याही सुजलेल्या. आधीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, दात काढा आणि कवळी बसवा.

“कवळीत पेन्सिल टिकणार नाही,” तो म्हणाला. “दोन महिन्यांनी हडपसरच्या एका कंपनीची परीक्षा आहे. मला हेच दात हवेत.”

मी त्याला आमच्या खुर्चीत आडवं करायला निघाले.

“अहो, आडवा झालो की पाणी घशात जातं आणि मला नीट खोकता येत नाही. माझी खुर्ची बरी आहे. तुम्ही उभ्या राहा.”

राहिले. त्यानं डोळे मिटले की मी थांबायचं, असं ठरलं. एकदा ‘एवढंच राहिलंय’ म्हणून मी तसंच रेटलं, तर तोंड मोकळं होताच म्हणाला, “सिग्नल पाळायचा असतो, डॉक्टर. बाहेर पुण्यात नसेल, इथं पाळा.”

हिरड्या साफ केल्या, हलणारे दात तारेनं एकमेकांना बांधले, भावाला ब्रश करायला शिकवलं. मग वरच्या सगळ्या दातांचं माप घेऊन त्यांवर बसेल अशी पट्टी केली आणि पेन्सिलीऐवजी तिलाच काडी जोडली, म्हणजे भार दाढांवरही वाटला जाईल. पहिली काडी फारच लांब झाली. “गुढी छान आहे,” तो म्हणाला. “काडी कधी देताय?”

परीक्षेत तो उत्तम पास झाला. आता हडपसरलाच राहतो, दातांसाठी तिकडच्याच डॉक्टरांकडे जातो. मला त्यांचा हेवा वाटतो, हे कबूल करते.

पण मला आठवतो तो पट्टी बसवल्याचा दिवस. काउंटरवरच्या कॉम्प्युटरपाशी त्याची खुर्ची नेली. बाकावरचे पेशंट उठून मागे येऊन उभे राहिले. त्यानं मान वाकवली. टक. टक. टक. सगळे पडद्याकडे बघत होते, मी त्याच्या दातांकडे. एकही हलला नाही.

“नाही हलले!” मी इतक्या जोरात ओरडले, की भाऊ दचकला आणि मग रडायलाच लागला. माझेही डोळे भरून आले.

त्याच्या तोंडात पट्टी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. त्यानं काडीनंच पडद्याकडे खूण केली. रोमन अक्षरांत मराठी उमटलं होतं:

“डॉक्टर, पुढचा पेशंट घ्या. मला अभ्यास आहे.”